दोह्याचे अडीच तास

"एका अंशाला चार मिनिटं, पंधरा अंशांना एक तास," मी उभी राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "आणि आपण पश्चिमेकडं गेलो की तिथली वेळ आपल्या मागं असते." औटी मॅडम म्हणाल्या, "शाबास, बस." मी बसले नाही. म्हणजे बसायचं नव्हतं असं नाही, गुडघेच वाकले नाहीत. माझंच वाक्य माझ्याच तोंडातून बाहेर पडून माझ्याच कानात शिरलं होतं. मागं असते. तिथली वेळ मागं असते. हे मला सातवीपासून पाठ होतं, काल वाररेषेच्या धड्यावर मी फळ्यावर गणितसुद्धा सोडवलं होतं, आणि आईच्या पर्समध्ये मी जी चिठ्ठी घालून दिली होती ती लिहिताना हे सगळं जणू दुसऱ्याच कुठल्या तरी मुलीला येत होतं. मागच्या बाकावरून संघर्ष हळूच म्हणाला, "बसंना म्हंजे आजून भाषान बाकी हाय." दोघंतिघं हसले. मी मॅडमच्या मनगटाकडं बघत होते. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

चिठ्ठी मला डोळ्यांसमोर दिसत होती, कारण ती मी चारदा लिहिली होती. मोठ्या वहीचं पान, ठळक अक्षर, वर प्लॅस्टिक, म्हणजे पाणी सांडलं तरी भिजायला नको. मुंबई निघणे ४:००. दोहा उतरणे ५:२०. दोहा दुसरे विमान ८:०५. टोरांटो ३:००, ताई बाहेर उभी असेल. तिकिटावरून जसंच्या तसं उतरवलेलं. आणि खाली लाल पेनानं, दोन रेघा मारून: घड्याळाला हात लावू नको. ती लाल ओळ तिकिटावर नव्हती, ती आमच्या गोठ्यातून आली होती. आईचा सगळा दिवस धारेवर चालतो. पहाटे साडेपाचची धार, सहाला डेअरी, संध्याकाळची पुन्हा साडेपाच. ती म्हणाली होती, "मला आपल्या टायमावरच ऱ्हाऊ दे बया. मनगटाकडं बघितलं की कळंल, आता पोरगी गाईखाली बसली आसंल." मला ते इतकं आवडलं की मी लगेच लाल पेन घेतला. वरचे आकडे त्या-त्या गावचे, खालचं घड्याळ आमच्या राजुरीचं. दोन्ही मीच लिहिलं, एकाच पानावर, दोन्ही अगदी मायेनं. म्हणजे विमान दोह्यात त्यांच्या पाच वीसला उतरलं असणार, तेव्हा आईच्या हातावर सात पन्नास. उतरून, त्या लांबलचक वाटा चालून, पट्ट्यावर बॅग ठेवून उचलून ती आता, अगदी आता, चिठ्ठी काढून बघत असणार. चिठ्ठीत आठ पाच. हातावर आठ दहा.

विमान गेलं, असं तिला वाटणार.

ती रडणार नाही, हे मला माहीत होतं, आणि त्यामुळंच जास्त भीती वाटली. आई अशा वेळी गप्प बसते. वळकटीसारखी स्वतःला गुंडाळून घेते आणि बसते. मागच्या वर्षी ताईचा फोन आला होता तेव्हा ती ओट्याला टेकून तशी बसली होती. यशोधराताई, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, अवसरीच्या कॉलेजातून इंजिनियर झालेली, मोहितदाजींबरोबर टोरांटोला गेलेली. पाचव्या महिन्यात तिचं पोट पडलं. दाजी रात्रपाळीला, ती एकटी दवाखान्यात, आणि आम्हाला सांगितलं दोन दिवसांनी, कारण आधी सांगितलं असतं तर तुम्ही काय करणार होता, असं ती म्हणाली. बरोबरच होतं. आम्ही काय करणार होतो. आई तेव्हा फोनवर एवढंच म्हणाली की अंगावर पांघरूण घे, आणि दुसऱ्या दिवशी तिनं अप्पांना विचारलं, पासपोट कुठं काढत्यात. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. ते आता माहेरी येत नाही, तर माहेरानं उठून जायचं, इतकं सरळ तिचं गणित होतं. आता ताईला नववा संपत आला होता, डॉक्टरीण म्हणाली होती कधीही, आणि दाजींची पाळी पुन्हा रात्रीचीच होती. आईच्या हातातल्या पिशवीत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि जुन्या मऊ लुगड्याचे फाडलेले चौकोन होते, आणि ती पिशवी मांडीवर घेऊन ती आता दोह्याच्या कुठल्या तरी खुर्चीवर बसली असणार, माझी चिठ्ठी हातात धरून, माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून.

विश्वास. ही पण माझीच करणी. सातवीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटायचे, आईला माझं म्हणणं दोनदा विचारावं लागायचं. मग ह्या जानेवारीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत कुणी तरी आजारी पडलं म्हणून मला उभं केलं, आणि माईकमधून माझा आवाज सभागृहाच्या पत्र्यावर आपटून परत आला तेव्हा मला तो एवढा आवडला की मी दिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त बोलले. दुसरा नंबर आला. तेव्हापासून मी थांबलेच नाही. डेअरीत फॅट कमी लावलं तर मी बोलते, बँकेत फॉर्म मी भरते, अप्पांना मोबाईलचं मी शिकवते. आईचा प्रवास तर मी अंगावरच घेतला. टोरांटो किती लांब हे गावात फक्त मला माहीत होतं आणि मी ते सगळ्यांना सांगत होते. अप्पा पिकअपमधून वाशीला कांदा नेतात, आळेफाट्यावरून माळशेज उतरून चार तास, त्यांनी विचारलं, "मंग ते टोरांटो म्हंजे वाशीच्या किती खेपा?" मी दीडशे किलोमीटर धरून सांगितलं, सरळ रेषेत साडेबारा हजार, म्हणजे त्र्याऐंशी खेपा, वर थोडं. अप्पा म्हणाले, "आरं राव. येवढ्यात दोन टायरं गेली." दोह्यावरून वळसा, म्हणून तेरा हजारांच्या वर. एकूण वेळ साडेवीस तास. हा आकडा मोबाईलवर आयता मिळाला होता. पहाटे चारला निघून दुपारी तीनला पोचते म्हणजे अकराच तास होतात, मग साडेवीस कुठून आले, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. आकडे पाठ होते ना. पाठ असलं की मी विचारत नाही, सांगतेच.

"जया, काय झालं?" औटी मॅडम जवळ आल्या होत्या. मी म्हणाले, "मॅडम, मी चुकले." त्या म्हणाल्या, "नाही, बरोबर सांगितलंस." मी म्हणाले, "इथं बरोबर सांगितलं. आईला चुकीचं सांगितलं." आणि मग उभ्या वर्गासमोर, चिठ्ठी, लाल पेन, आठ पाच, आठ दहा, सगळं सांगितलं. माझा आवाज जानेवारीच्या आधीचा झाला होता, मॅडमना वाकून ऐकावं लागलं. वर्गात कुणी हसलं नाही, संघर्षसुद्धा नाही. मॅडमनी स्वतःचा मोबाईल काढून दिला. अप्पांचा नंबर लावला, तीनदा पूर्ण रिंग गेली. अप्पा आईला सोडून सहा वाजता घरी आले होते आणि मी शाळेला निघताना आडवे झाले होते, चप्पलसुद्धा न काढता. आईच्या फोनला तर तिकडचं नेटवर्क नव्हतंच. पैसे जातील म्हणून तो विमानातल्यासारखा बंद ठेव, असंही मीच सांगितलं होतं. ताईला लावावा का? तिकडं रात्रीचे पावणेअकरा, आणि तिला काय सांगणार, की मी आईला दोह्यात हरवलं? मॅडम म्हणाल्या, "तू घरी जा. फोन घरीच येईल. हजेरीचं मी बघते."

शनिवारची सकाळची शाळा, त्यामुळं रस्त्यावर अजून ऊन तापलं नव्हतं. आमचा मळा दीड किलोमीटर. मी पळत होते आणि पळता पळता मला गणित उलटं-सुलटं होत होतं. अडीच तास मिळवायचे की वजा करायचे? फळ्यावर बाणाची खूण असते, पश्चिमेला वजा. पण मी आता पश्चिमेला नव्हते, मी राजुरीत होते आणि मनानं दोह्यात होते आणि तिथून परत राजुरीचं घड्याळ बघत होते. एका क्षणी मला वाटलं की विमान खरंच गेलं, पंचवीस मिनिटांपूर्वी. मग थांबले, कांद्याच्या वाफ्याच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले आणि हळू हळू, पहिलीतल्या मुलीला सांगावं तसं स्वतःला सांगितलं: राजुरीत साडेआठ. दोह्यात सहा. विमान आठला. विमान उभं आहे. विमान अजून कितीतरी वेळ उभंच आहे. आईच्या हातात दोन तास आहेत आणि ते तिला माहीत नाहीत. मला एकदम वाटलं, असं कुणाला तरी किती वेळा होत असेल, की वेळ आहे आणि माणूस वेळ संपली म्हणून उठून जातं. बाहेर निघून गेली तर? परत मुंबईचं विमान कुठलं म्हणून कुणाच्या मागं गेली तर? डेअरीच्या ओट्यावर जानकाबाई किटली विसळत होती. "आगं ये भवाने, शाळा सुटली का तुझी?" तिनं ओरडून विचारलं. "आन आई पोचली का? तू तर म्हणली व्हतीस, एका दिसात क्यानडा." मी पळता पळता म्हणाले, "मी म्हणते त्यातलं सगळं खरं नसतं." ती म्हणाली, "ते ठावं हाय आमाला." आणि पुढं काही तरी म्हणाली, ते वाऱ्यात गेलं. मला त्या तशा अवस्थेतसुद्धा राग आला आणि रागानं मी आणखी जोरात पळाले.

घरात अप्पा तसेच झोपलेले, तोंड उघडं. फोन चार्जिंगला, स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या मागं. मॅडमचे तीन मिस्ड कॉल आणि त्याच्यावर एक लांबलचक नंबर, नऊ सातनं सुरू होणारा. मी तो लावला तर बॅलन्स नाही म्हणाली बाई. मी फोन दोन्ही हातांत धरून खाली बसले. फरशी गार होती. बाहेर गाय हंबरली. सकाळची धार मी एकटीनं काढली होती, पहिल्यांदाच, गाईनं दोन लाथा मारल्या होत्या आणि दूध रोजच्यापेक्षा दीड लिटर कमी निघालं होतं, आणि ते आईला कसं सांगायचं ह्याची मला पहाटे काळजी पडली होती. किती छोटी काळजी होती ती. मला ती परत हवी होती. फोन वाजला तेव्हा मी दचकून जवळजवळ तो टाकलाच.

"जया? आगं जया का?"

"आई. कुठं आहेस तू?"

"इमानतळावरच की. बसलीय. पाणी पिले, तोंड धुतलं."

"आई, ऐक, विमान गेलेलं नाही. तू उठू नको तिथून. तुझं घड्याळ—"

"म्हाईत हाय मला. भिताडावर साडेसा वाजल्यात आन माझ्या हातात नऊ. आडीच तास वर हायेत."

अंगातून काही तरी निसटून फरशीत मुरून गेलं, आणि मग मला हसायला यायला लागलं, आणि नाकातून पाणी. आई सांगत होती. विमान उतरायच्या आधी ती बाई माईकमधून काही तरी बोलली आणि सगळ्यांनी घड्याळं फिरवली. "मला दिसलं गं, समदी फिरवीत व्हती. पर तू लाल अक्षारात लिव्हलं व्हतं, म्हणलं आपण कशाला." मग बाहेर आल्यावर चिठ्ठी काढली आणि हातावरचं घड्याळ बघितलं. पाच मिनिटं एका खांबाला धरून उभी राहिली. समोर एक बाई फरशी पुसत होती, नेपाळकडची, आईच्याच वयाची. आईनं मालिकांमधल्या हिंदीत तिला विचारलं, "दीदी, आठ बजेवाला कॅनडा निकल गया क्या?" तिनं काठी भिंतीला टेकवून वरचं घड्याळ दाखवलं. मग आईनं एका वर्दीतल्या माणसाला तेच विचारलं. मग पगडी बांधलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तो त्याच्या बायकोबरोबर टोरांटोलाच चालला होता. "तिघं बी येकच म्हणाले, तवा बसले. येकाचं आयकून कधी हालू न्हाई." हा फोन त्या नेपाळच्या बाईचा होता.

आणि मला आळेफाटा आठवला. एसटीच्या फलाटावर आई कधी बोर्ड वाचून गाडीत चढत नाही. कंडक्टरला विचारते, मग रसवंतीवाल्याला, मग एखाद्या लेकुरवाळीला, "ही नारायणगावलाच जाती ना?" तिघांचं जुळलं की पाय उचलते. मला त्याची इतकी लाज वाटायची की मी दोन पावलं लांब उभी राहायचे, जणू ह्या बाईबरोबर मी नाहीच. आणि गेल्या आठवड्यात, बॅग भरताना, मी तिला बजावलं होतं, तिथं असं कुणालाही काही विचारत बसू नको, लोक अडाणी समजतात, सगळं लिहून दिलंय तेवढं वाचायचं. तिनं मान हलवली होती. मान हलवून, मला दुखवायचं नाही म्हणून लाल ओळ पाळून, आणि अडल्यावर माझं सगळं बाजूला ठेवून तिनं आपलं केलं होतं.

"तुझी चिठ्ठी बराबर व्हती गं," ती म्हणाली, "माझंच घड्याळ मागं-पुढं झालं."

इथं मी गप्प बसू शकले असते. खरंच शकले असते. अप्पा झोपलेले, मॅडमना काय सांगायचं ते मी ठरवणार, आणि आईनं तर ओझं उचलून आपल्याच डोक्यावर घेतलेलं. मी म्हणाले, "नाही आई. घड्याळ बरोबर होतं. मी चुकले. घड्याळ फिरवायला सांगायला हवं होतं, मी उलटं सांगितलं."

पलीकडून खूप लोकांचा, चाकांच्या बॅगांचा आवाज येत होता.

"हां," आई म्हणाली. "मला वाटलंच व्हतं."

"कधी?"

"घरीच. लाल पेनानं लिव्हत व्हतीस तवा. तुझी ताई म्हणती ना, आमच्याकडं रात हाय, तुमच्याकडं दिस. मग घड्याळ येकच कसं चालंल, आसं आलं व्हतं मनात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लई जोरात सांगत व्हतीस," आई म्हणाली. "चांगलं वाटत व्हतं आयकायला."

आई म्हणाली, फोन परत द्यायचाय, बाईचं काम खोळंबलंय, आणि ठेवता ठेवता विचारलं, "धार किती निघाली?" मी सांगितलं, दीड लिटर कमी. "लाथ मारली का?" दोन मारल्या. "बोलत ऱ्हा तिच्याशी. तुला येतं की ते." फोन बंद झाला. अप्पा दारात उभे होते, केस उभे, डोळे तांबडे. "कुणाचा व्हता?" मी म्हणाले, आईचा. दोह्यात आहे, बरी आहे. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मंग तू कामून रडती?" मी म्हणाले, मी हसतेय. ते म्हणाले, बरं, चहा टाक.

चहा टाकला. चुलीपाशी उभी राहून मी सकाळची भाकरी खाल्ली, एक, मग दुसरी, दूध न घेता, मीठ लावून. अंग हलकं आणि पाय जड झाले होते. मला एक विचित्र गोष्ट जाणवत होती: मी चुकले होते, सगळ्या वर्गासमोर, डेअरीसमोर, आईसमोर, आणि माझा आवाज गेलेला नव्हता. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणून बघितलं, "अप्पा, साखर किती?" होता, आहे तस्साच. फक्त आता त्याच्या मागं थोडी जागा झाल्यासारखी वाटली, माळावर बोललं की आपल्या शब्दाच्या मागं रान असतं तशी. अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की वाशीच्या बाजारात पहिल्या खेपेला ते सकाळी चारऐवजी दुपारी चारला गाडी घेऊन उभे होते. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. हे आईला माहीत आहे का, मी विचारलं. "तिला समदं म्हाईत आसतं," अप्पा म्हणाले. "ती बोलत न्हाई."

सव्वादहाला पुन्हा फोन आला, दुसऱ्याच नंबरवरून. पगडीवाल्या आजोबांचा. आई कुजबुजत बोलत होती, जणू विमान झोपलंय.

"बसले गं. पट्टा लावला. खिडकी न्हाई मिळाली, मधलं शीट हाय. आज्जीबाई शेजारी हायेत. आता बंद कर म्हणत्यात."

"आई, ताई तीनला बाहेर उभी असेल. त्यांच्या तीनला." मी थांबले. एक श्वास घेतला, बोटांवर मोजलं, एकदा पुढून आणि एकदा मागून. "तुझ्या हातावर तेव्हा साडेबारा झालेले असतील. मध्यरात्रीचे. म्हणजे मला असं वाटतंय."

"साडेबारा," आई म्हणाली. मग फोन जरा लांब गेला, पलीकडं पंजाबीत काही तरी बोलणं झालं, एक बाई हसली. आई परत आली.

"हां, बराबर हाय," ती म्हणाली. "ह्या दोघांनीबी तेच सांगितलं."